चवळीवरच्या माव्याचं रूट कॉज

५ जुलै, शनिवार
आजपासून बाग सेंद्रिय. फवारे बंद. २६ तारखेला वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळाची मंडळी आमच्या बॅकयार्डात येणार. विषय : 'हॉवरफ्लाय, बागेची मैत्रीण'. वक्ता : मी. रुहीही येतेय. ती सॉफ्टवेअर सोडून किडे शिकायला लागल्यापासून आमचं बोलणं हवामानावर आलंय. एकदा तरी लेकीने म्हणावं, बाबा, तुम्हाला कळतं. बास.

८ जुलै
अभ्यास केला. ही माशी दिसते गांधीलमाशीसारखी, पण डंखच नाही. हवेत एका जागी थांबते. हिच्यामुळे पिकावरचा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, संपतो. कसा, ते लेखात पुढे होतं, मीटिंग लागली.

११ जुलै
माशीसाठी कोथिंबीर फुलू दिली. शोभना म्हणाली, आमटीवर आता काय घालू, माशा? बायकोला पर्यावरण समजावणं अवघड.

१३ जुलै, रविवार
हॉवरफ्लाय आल्या! फोटो मंडळाच्या ग्रुपवर. शशिकांतने नुसता अंगठा दाखवला. जळतो.

१६ जुलै
चवळीवर मावा. थोडाच. पण त्यात हिरवट, बिनपायाच्या, लिबलिबीत अळ्या! जिथे मावा, तिथेच अळी. प्रॉडक्शन सपोर्टमध्ये उगाच केस पांढरे केले नाहीत. रूट कॉज उघड आहे : मावा या अळ्याच आणतात. चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्याच्या बरणीत.

१९ जुलै
अळ्या कमी, मावा दुप्पट. निदान बरोबर, अंमलबजावणी कमी पडतेय. आता सकाळ-संध्याकाळ. शोभनालाही एक चिमटा दिला. तिने त्याने भुवया कोरल्या.

२३ जुलै
अळी एकही नाही. शंभर टक्के यश. चवळीची पानं चिकट, शेंगा वाकड्या, पण ते जुनं नुकसान. हॉवरफ्लायही दिसत नाहीत. व्हेकेशनवर असतील.

२६ जुलै, संध्याकाळ
भाषण रंगलं. शेवटी अळ्यांची बरणी उंच धरून शत्रू दाखवला. टाळ्या. रुहीने बरणी घेतली, उन्हात धरली. मग म्हणाली, "बाबा, दीज आर द हॉवरफ्लाइज. द बेबीज." मावा खातात त्या याच म्हणे. मोठी माशी नुसती फुलांवर बसते. कांचनकाकूंनी विचारलं, मग सगळ्या मारल्यास का रे? आधी कोणी हसलं नाही. मग शशिकांत हसला.

नंतर सगळे रुहीभोवती. मी आत जाऊन समोसे गरम केले.

२७ जुलै
रुही गेली. जाताना म्हणाली, बागेत प्लीज काही करू नका. लहान मुलाला सांगावं तशी म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. फार लागलं.

३० जुलै
चवळीवर एक हिरवी अळी! वाचली बिचारी. डोळ्यांत पाणी आलं. चिमट्याला हात लावला नाही. उलट उरलीसुरली कोवळी पानं तोडून तिच्यापुढे ठेवली. मावा सोडून, इवल्या पायांनी पान धरून मजेत खातेय. रुहीला फोटो पाठवला.
एरवी दोन-दोन दिवस उत्तर देत नाही. आज लगेच आलं : "बाबा, ही मारायची."