साइडकारची रंगीत तालीम

शुक्रवार, ८ नोव्हेंबर
इथल्या, सिंगापूरच्या मित्राच्या, निशिकांतच्या ईस्ट कोस्टच्या पॉश काँडोवर प्यायला बसलो. लोकाग्रहास्तव फ्रान्समधल्या मार्सेयचा किस्सा सांगितला. आग्रह कोणी केला नाही, पण करणारच होते. तेवीस वर्षांपूर्वी मी आणि पद्माकर, दोघेही ज्युनियर इंजिनिअर, जहाजावरून उतरून बंदरामागच्या बारमध्ये गेलो आणि म्हाताऱ्या बारमनने माझा हात धरून मला साइडकार हे कॉकटेल शिकवलं.
निशिकांत म्हणाला, मागच्या वेळी बारमन नव्हता, बारवाली होती. बँकेतली माणसं. तपशिलात अडकतात.

रविवार, १० नोव्हेंबर
पद्माकरचा मेसेज! पुढच्या रविवारी सिंगापूरहून शिप जॉइन करतोय, शनिवारची संध्याकाळ मोकळी. साक्षीदारच चालत येतोय! आता निशिकांतचं तोंड कायमचं बंद. शनिवारी आमच्या बेडोकच्या फ्लॅटवर सगळ्यांना माझ्या हातचं साइडकार.
सुनेत्रा म्हणाली, आधी फोन करून त्याला काय आठवतंय ते विचारून घे. बायकोचा नवऱ्यावर इतका अविश्वास बरा नव्हे.
लेक गार्गीला किश्श्यातलं हवामान खटकलं, तेही तिच्या सिंगापुरी इंग्रजीत. पपा, लास्ट टाइम रेनिंग, नाऊ गॉट मून, हाऊ कॅन लाह? समुद्रकाठची हवा आहे. बदलते.

मंगळवार, १२ नोव्हेंबर
सराव सुरू. कोन्यॅक ब्रँडी, संत्र्याची लिकर, लिंबू. निश्चय: रोज एकच ग्लास.
सायं. ७.१०. आंबट.
७.३०. गोड.
७.५०. तिसरा घेतल्याशिवाय मत बनवणं घाईचं होईल.

बुधवार, १३ नोव्हेंबर
डोकं ठणकतंय. हवा फार दमट. सुनेत्राने विचारलं, हात धरून शिकलेल्याला यूट्यूब कशाला लागतं? मी त्या माणसाच्या चुका शोधत होतो.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर
कोन्यॅक संपलं. बहुधा गळकी बाटली. उद्या रम घालीन. अडीअडचणीला फ्रेंच लोकही घालत असतील.

शनिवार, १६ नोव्हेंबर, सायं. ६
ग्लासांच्या कडांना साखर लावली. मुंग्या आल्या. पुसून परत लावली. बाकी जय्यत तयारी.

रविवार, १७ नोव्हेंबर
काल पद्माकर आला. दारू सोडलीय म्हणे. ताक मागितलं. मी किस्सा सुरू केला, तर मध्येच म्हणाला, अरे, पण तू कुठे होतास तिथे?
मग त्यानेच सांगितलं. त्याचे वडील गेल्याचा फोन आला होता, घरी जाता येत नव्हतं. दोन दिवस जेवला नव्हता. त्या रात्री इंजिन रूमची ड्यूटी त्याची. ती मी घेतली आणि त्याला बळंच जहाजावरून खाली उतरवलं. बाहेर पाऊस. बारमध्ये बसून तो रडला. बारवालीने न विचारता साइडकारचा ग्लास पुढे ठेवला, पैसे घेतले नाहीत. सकाळी परत येऊन त्याने सगळं मला सांगितलं. स्वतःची आठ तास आणि वर त्याची आठ तास ड्यूटी करून मी तेव्हा उभ्या उभ्या पेंगत होतो. प्रत्येक जहाजावर मी हे सांगतो, पद्माकर म्हणाला. असा मित्र मिळायला भाग्य लागतं. मग सगळ्यांसमोर माझा हात धरून रडायला लागला.
निशिकांत हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. सुनेत्रा माझ्याकडे एकटक बघत होती. इतक्या वर्षांत असं बघितलेलं नाही.
मी गंभीरपणे मान हलवली. म्हटलं, त्यात काय एवढं.
आज सकाळपासून खूप आठवून पाहिलं. ती ड्यूटी मला काही केल्या आठवत नाही. बार तेवढा लख्ख आठवतो.