मावशींच्या खिडकीतला उजेड

तीर्थरूप आईस,

इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. इमारती रंगवताना उंचावर लोंबकळावं लागतं खरं, पण कमरेला दोर असतो. बाबांना उगाच घाबरवू नकोस. त्यांचा खोकला कसा आहे?

या गल्लीत आधी सगळी बैठी घरं होती. आता एका बाजूला सहा मजली इमारती उठल्यात आणि सकाळ उगवते ती अकराच्या पुढे. तोवर सावलीत माणसंही हळू बोलतात, जणू गल्ली अजून पांघरुणात आहे.

समोरच्या बैठ्या घरात, खिडकीशी बसून एक मावशी शिवणकाम करतात. आम्ही रंगवतोय त्या इमारतीनं त्यांचं ऊन अडवलं. परवा मला हाक मारून म्हणाल्या, "बाबा रे, हा दोरा काळा की निळा, सांगतोस का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इमारतीच्या त्यांच्या खिडकीसमोरच्या भिंतीला गडद राखाडी रंग ठरला होता. मी मुकादमांच्या मागेच लागलो. शेवटी ते वैतागून म्हणाले, "लाव पांढरा, पण माझं डोकं खाऊ नकोस!"

काल भिंत पूर्ण झाली. दुपारी ऊन कललं, पांढऱ्या भिंतीवर पडलं आणि तिथून परतून दुधासारखं मावशींच्या खिडकीत उतरलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि दोन्ही तळवे त्या उजेडात धरून बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मीही वर झुलत, ब्रश हातात तसाच धरून, बघत राहिलो.

धाकटीला आशीर्वाद.

तुझाच,
थोरला