उलरिकेच्या टेबलावरचं ताट

बेसिंगस्टोक
२२ डिसेंबर

प्रिय शिल्पाताई,

नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींना सांग, थंडी आहे पण बर्फ नाही, आणि दर वेळी बर्फाची चौकशी करू नका. फोन न करता ईमेल लिहितेय, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं सांगायचं राहूनच जातं.

आमची तनिषा गेल्या आठवड्यात जर्मनीला गेली. ऑक्टोबरमध्ये तिच्या शाळेतर्फे लेना नावाची जर्मन मुलगी आमच्याकडे राहून गेली होती ना, आता नाताळच्या सुट्टीत आमची तिच्याकडे. लेनाची आई उलरिके. बाई शाळेत संगीत शिकवते, तेही अर्धा दिवस. उरलेला अर्धा दिवस बिस्किटं भाजते. रोज संध्याकाळी फोटो येतो. तनिषाच्या नाकाला पीठ, हातात लाटणं आणि मागे उलरिके हसतेय. आपल्या घरी कणकेला हात लाव म्हटलं की या मुलीला होमवर्क आठवतो.

बिस्किटांचं एक वेळ सोडून देईन. काल तर तिने चक्क कानटोपी घातली होती! ताई, ही मुलगी सातवीत गेल्यापासून मी तिच्यामागे कानटोपी घेऊन धावतेय. कान झाक, कान झाक म्हणून माझा घसा सुकला. आता उलरिकेने पिवळी टोपी विणून हातात दिली, तर घालून बसली आहे, दोन्ही कान आत. मी फोनवर म्हटलं, “कानटोपी छान दिसतेय.” तर म्हणते, “आई, हा कानटोपी नाहीये. उलरिकेने स्वतः knit केला.” मी विणलेल्या दोन तिच्याच कपाटात आहेत. त्यांचं काय?

श्रीकांत म्हणतो, मुलगी खूश आहे, तुला काय होतंय? त्याला ब्रॅकनेलच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचे असतात, मनं नाही. मला काही होत नाही. माझी ड्यूटी आहेच, नेहमीसारखी.

सत्तावीसला ती परत यायची होती. उलरिकेने विचारलंय, तीन जानेवारीपर्यंत राहू द्याल का? मी अजून उत्तर दिलेलं नाही.

स्वयंपाकघरातले सगळे डबे घासून काढले. तुझा तो जुना पितळी डबा सोन्यासारखा झालाय.

तुझी,
सुप्रभा

२५ डिसेंबर

प्रिय ताई,

परवा तू फोन केलास आणि विचारलंस, भर दुपारी तू घरी कशी? मी म्हणाले, रात्रपाळी आहे. रात्रपाळी नाही. मी रजेवर आहे, नवीन वर्ष उजाडेपर्यंत. आता तू मध्ये बोलू शकत नाहीस, म्हणून सगळं सांगते.

इथल्या हॉस्पिटलात लागले तेव्हापासून मी ख्रिसमसची ड्यूटी आपणहून घेते. त्यांचा सण, त्यांना घरी राहू दे, बदल्यात मला दिवाळीला रजा. आमच्यातले बरेच डॉक्टर असंच करतात. सगळे खूश असतात. फक्त दिवाळीला इथे शाळा असते, एवढंच कोणी लक्षात घेत नाही. मी घरी चकल्या तळायचे आणि तनिषा दप्तर टाकून, एक चकली तोंडात घालून वर निघून जायची. ख्रिसमसला ती दिवसभर मोकळी, तर मी म्हाताऱ्यांच्या वॉर्डात, डोक्यावर ख्रिसमसचा कागदी मुकुट घालून.

हे तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती युनिव्हर्सिटीत. म्हणून मी ऑगस्टमध्येच ही रजा मागून घेतली आणि कोणाला सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं. तेवढ्यात लेना आली, तिने बोलावलं, आणि तनिषा मला म्हणाली, “आई, मी जाते ना. तू तर कामावरच असणार.” तिने विचारलंसुद्धा नाही गं, धरूनच चालली. मला इतका राग आला की मी म्हटलं, “हो, अर्थात, कामावरच.” आणि अडकले.

त्यांच्याकडे ख्रिसमसचं मुख्य जेवण चोवीसलाच, संध्याकाळी. तेव्हा व्हिडिओ कॉल ठरला होता. मी काय केलं असेन? हॉस्पिटलचे निळे कपडे चढवले, गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि वॉशिंग मशीनच्या खोलीत पांढऱ्या भिंतीपुढे जाऊन बसले. श्रीकांत म्हणाला, “वेड लागलंय का तुला?” मी म्हटलं, “आधी ते मशीन बंद कर, आवाज येतोय.”

कॉल लागला. झाड, मेणबत्त्या, सगळं चित्रातल्यासारखं. तनिषा पिवळी टोपी घालून, घरात! उलरिके म्हणाली, थांबा, तुम्हाला काहीतरी दाखवायचंय. तिने फोन टेबलाकडे वळवला. सगळ्यांची ताटं मांडलेली आणि शेवटच्या खुर्चीपुढे एक ताट दुसऱ्या ताटाने झाकलेलं. वर कागदाच्या नळीला रंगीत कागद गुंडाळून हाताने केलेला क्रॅकर, इथे ख्रिसमसच्या जेवणाला दोघं दोन टोकं ओढून फोडतात ना, तो.

“ही तुमच्या घरची प्रथा ना?” उलरिके इंग्रजीत विचारत होती. “तनिषाने सांगितलं, ख्रिसमसला एक ताट झाकून ठेवायचं आणि ज्याचं ताट तो माणूस आल्याशिवाय क्रॅकर ओढायचा नाही. किती सुंदर आहे! आम्हीसुद्धा आता दरवर्षी असंच करणार.”

प्रथा कसली ताई! तनिषा लहान होती, मी कामावर होते, आणि श्रीकांतने माझं जेवण झाकून ठेवलं, आपल्याकडे उशिरा येणाऱ्याचं ठेवतात तसं. तिने आपला क्रॅकर त्यावर ठेवला, कारण तो ओढायला दोघं लागतात आणि तिला दुसरं टोक माझ्याच हातात द्यायचं होतं. मग दरवर्षी तसंच होत गेलं. मी यायचे तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर बसलेली असायची. मी समजत होते, आता मोठी झाली, सवयीने करत असेल.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच्याही आधी काय आलं, सांगू? मत्सर. म्हटलं, बाई, तू तिला टोपी घातलीस, लाटणं धरायला लावलंस, गाणी शिकवलीस, सगळं घे. पण ते ताट आमचं आहे. ते कशाला घेतेस?

तेवढ्यात तनिषा म्हणाली, “आई, तू जेवला का? ब्रेक मिळाली?”

तिने माझ्यासाठी ताट झाकलं होतं, मी कामावर आहे म्हणून, आणि मी घरात बसून कामावर असल्याचं नाटक करत होते. मी गळ्यातलं ओळखपत्र काढलं. म्हटलं, “तनू, मी घरी आहे. या वर्षी रजा घेतलीय.”

“सगळा ख्रिसमस? Like, पूर्ण?”

“हो.”

“मग मला बोलली का नाही? मी नाही गेली असती!” ती रडवेली झाली. “मी येते. सत्तावीसचं तिकीट आहेच, मी stay नाही करत.”

उलरिकेला शब्द कळले नसणार, पण तिने मागून येऊन तनिषाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि माझी मुलगी तिला टेकली. माझ्याकडे टेकते तशीच, डोकं जरा कलतं करून.

“ये” हा शब्द माझ्या जिभेवर होता, ताई. आणि मी म्हटलं, “तीन तारखेपर्यंत राहा. उलरिकेला सांग, आई हो म्हणतेय.” यात मोठेपणा वगैरे काही नव्हता. ती आली असती तर माझी कीव येऊन आली असती, आणि तशी ती मला नको होती.

“मग हे कोण खाणार?” तिने विचारलं. मी म्हटलं, “तूच खा.” तिने ताट उघडलं. बटाट्याचं गार सॅलड होतं. घरी गार बटाट्याला हात लावत नाही! लेनाने क्रॅकरचं एक टोक धरलं, तर तनिषाने तो तिच्या हातातून हळूच सोडवला. “Sorry, हा मी घरी नेणार,” म्हणाली, आणि मग तेच जर्मनमध्ये सांगितलं. मी उलरिकेच्या चेहऱ्याकडे बघत होते. जरासा उतरला. मला बरं वाटलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

नंतर मी आणि श्रीकांत दोघंच जेवलो. त्याने सवयीने माझं ताट झाकून ठेवलं होतं. मी समोरच बसले होते.

सुप्रभा

३ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं उत्तर मिळालं. “वेडाबाई” एवढाच एक शब्द लिहायला तुला आठवडा लागला.

श्रीकांत हीथ्रोला गेलाय. धुक्यामुळे विमान उशिरा आहे. मी वरण-भात केला, बटाट्याची भाजी केली, गरम, आणि तिचं ताट झाकून ठेवलं. आजवर माझं ताट कोणीतरी झाकायचं. मी कोणाचं झाकून वाट बघत बसायची ही पहिलीच वेळ. दर थोड्या वेळाने उठून झाकण उघडते, भात गार झाला का बघते, आणि बघण्यानेच तो जास्त गार होतो. हे ती लहानपणी कसं करत होती कोण जाणे. शेवटी ओट्यापासून लांब, जिन्याच्या पायरीवर येऊन बसले. हे तिथूनच लिहितेय.

ड्यूट्यांचा रोटा लावणाऱ्या बाईंना कळवून टाकलंय, येत्या डिसेंबरलाही मी नाही. नकुल नावाचा नवा डॉक्टर लगेच पुढे आला, “मॅडम, ख्रिसमस मी घेतो, मला दिवाळी द्या.” मी विचारलं, मुलं आहेत का? म्हणाला, आत्ताच एक झालंय. म्हटलं, मग नीट विचार कर.

दुपारी उलरिकेचा निरोप आला. तनिषाची पिवळी टोपी तिच्या घरी खुंटीवर राहिली, पोस्टाने पाठवू का? आधी लिहिलं, नको, तिच्याकडे दोन आहेत. ते पुसलं. मग लिहिलं, तिथेच राहू दे, पुढच्या वेळी येईल तेव्हा घालेल. पाठवलं आणि लगेच पस्तावले. पण पाठवलं.

गाडी आली वाटतं. हो, आली. उतरली. एवढ्या गारठ्यात दोन्ही कान उघडे, आणि हातात तो चुरगळलेला क्रॅकर. आधी जाऊन ओरडते, मग दुसरं टोक धरते.

तुझी,
सुप्रभा