चौथा हात

१२ जानेवारी १९८७, उस्मानाबाद
आज माझा कॉल फिरून माझ्याच टेलिफोन बोर्डावर आला. अजून हसू येतंय.
ढोकीच्या साखर कारखान्याला करमाळा हवं होतं. ऊसतोडीच्या टोळ्या आणणारा मुकादम तिथं अडकलाय. आपल्याकडून करमाळ्याला सरळ तार नाही, म्हणून मी बार्शीला दिला. बार्शीनं परंड्याला. परंड्याची करमाळा तार बंद, त्यांनी भूमला दिला. आणि भूमचे शेखभाई मलाच म्हणतात, "बेटी, करमाळा दे. ढोकी कारखाना, अर्जंट हाय." मी सवयीनं बार्शीकडं वळले तर बार्शीची तार गुंतलेली. कशात? ह्याच कॉलमध्ये! चार गावांच्या तारा अडवून स्वारी घरी परत. कारखान्याचा बाबू तोवर हॅलो हॅलो करत बसलेला, बिचारा.

१४ जानेवारी
ऑफिसात तीळगूळ. गोड बोला म्हणे. दिवसभर दुसरं काय करतो आम्ही? पगारच त्याचा आहे.
परवाचं साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत, कागद घेऊन बसले. साहेब म्हणजे आमचे इंजिनियर, पुण्याचे, तरुण. आधी सोपं होतं. सगळ्या तालुक्यांच्या तारा इथं जिल्ह्याला यायच्या, आम्ही मध्ये. आता तालुक्या-तालुक्यांत आडव्या तारा ओढल्यात, एक बंद तर दुसरी. साहेबांनी नियमही केला होता: जिकडून कॉल आला तिकडं परत ढकलायचा नाही. पण परवा कुणी मागं ढकललाच नव्हता. सगळ्यांनी पुढंच दिला होता.

१९ जानेवारी
आज पुन्हा तेच. तेही टँकर मागणाऱ्या कॉलचं, सकाळच्या गर्दीत. दुष्काळानं आधीच बोर्ड पेटलेला असतो. कुणाला पाणी, कुणाला कडबा.
मूळ दुखणं तारेत नाही, आमच्यात आहे. आमच्या लाइनीवर कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. रीतच आहे. 'थांबा, देते' म्हणायचं आणि शेजारच्या गळ्यात घालायचं. शेखभाईंना म्हटलं, रस्ता नसला तर सरळ नाही म्हणा की. तर म्हणतात, "ना कैसा बोलूं बेटी? उधर आदमी खडा है." वीस वर्षं ह्या माणसाचा आवाज ऐकते, तोंड एकदाही पाहिलं नाही. त्यांच्याशी भांडवत नाही.

२३ जानेवारी
सुचलं. भाकरी थापताना सुचलं, एक करपली.
हात मोजायचे! कॉल पुढं देताना सांगायचं, पहिला हात, दुसरा हात. ठरलेल्या हातापुढं गेला की तोडायचा. मग 'नाही' कुणी माणूस म्हणत नाही, नियम म्हणतो. शेखभाईंचीही अब्रू राहते.
साहेब खूश. "किती हात, सुमनबाई?" मी म्हटलं तीन. तिसऱ्या तारेपुढं आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, आणि एक कॉल चार तारा खातो तेव्हा बाकीची गावं बोंबलतात. तेही म्हणाले, तीन.
मी किती पटकन बोलले!

१० फेब्रुवारी
मागच्या आठवड्यापासून चालू आहे. 'दुसरा हात, कळंब द्या' असं सगळे म्हणतात, कानाला गंमत वाटते. कॉल फिरत नाहीत. सकाळी तारा मोकळ्या मिळतात. तहसीलच्या टँकरवाल्या कारकुनानं चक्क आभार मानले. नेमका इलाज सापडला एकदाचा.
साहेब म्हणाले, आडव्या तारा सगळीकडंच येणार, वरच्या ऑफिसला एकच नियम हवाय सगळ्या जिल्ह्यांसाठी. हाच पाठवू. खाली तुमचं नाव घालतो.
घरी येऊन आईला सांगितलं. तिनं विचारलं, पगार वाढतोय का? नाही म्हटलं. तरी शेजारी साखर वाटून आली. कमललाही कळवलं. कमल माझी धाकटी बहीण, भूमजवळ ईट गावात नर्स आहे.

२७ फेब्रुवारी
लिहवत नाही.
ईटहून दुपारी कमलनं पोस्टातून फोन लावला होता. पहिलटकरीण, मूल आडवं. इथल्या दवाखान्याची जीप हवी होती. ईटचा फोन भूमला येतो. भूमची आमच्याकडची तार सकाळपासून बंद. शेखभाईंनी परंड्याला दिला, पहिला हात. परंड्यानं बार्शीला, दुसरा. बार्शीनं तिसरा हात म्हणून माझ्याकडं द्यायचा, तर बार्शीच्या पोरीनं मोजणी भूमपासून धरली. भूम एक, परंडा दोन, बार्शी तीन. झाले तीन, आता नाही. तोडला.
मोजायचं कुठून, हे आम्ही लिहिलंच नव्हतं. बोर्ड मोजायचे की तारा?
मी बोर्डावरच होते. बार्शीची तार मोकळी होती. मी स्वेटरच्या टाक्यांवरून जोशीबाईशी बोलत बसले होते.
ट्रॅक्टरनं बार्शीला नेलं बाईला. बाई वाचली. मूल नाही.

२ मार्च
कमलचा फोन नाही. शेखभाईंकडून निरोप दिला, तरी नाही.
बार्शीची पोरगी लाइनीवर रडली. "ताई, म्या नियमानंच केलं." व्हय गं बाई, नियमानंच केलंस. तिला काय बोलू? मला माझीच चीड येते.

५ मार्च
साहेबांनी दोष कुणाला दिला नाही. हात म्हणजे तार, असं स्पष्ट लिहिलं. मी म्हटलं, तेवढ्यानं भागत नाही. उद्या बार्शीची आमच्याकडची तार गेली आणि कॉल ढोकीवरून फिरवावा लागला, तर ईट पुन्हा बाहेर.
"मग पाच करू?"
पाच केले तर सकाळी एकेक चुकार कॉल पाच तारा धरून बसेल, आणि टँकरचे कॉल आत येणारच नाहीत. पाण्यावाचूनही माणूस मरतंच की.
अर्जंटला मोजणी नको, असं मीच सुचवलं. लाइनीवर शेखभाई हसले. "सब का अर्जंट है बेटी. कारखाने का तो रोज है." खरं आहे. मुकादमही अर्जंट, बारशाचं निमंत्रणही अर्जंट.
सकाळी प्रत्येक बोर्डानं शेजारच्याला आपल्या चालू तारा सांगाव्यात, हे मात्र साहेबांनी घेतलं. पण सकाळी चालू असलेली तार दुपारी पडते, त्याचं काय?

८ मार्च
रविवार. ईटला जाऊन आले. भूमला एस.टी. बदलताना एक्स्चेंजच्या दारापर्यंत गेले, शेखभाईंची पाळी नव्हती.
 कमलनं पाणी दिलं, चहा केला. मग विचारलं, "अक्का, मी किती हातांवर हाय?"
"भूमची तार पडली की, ईटची धरून, चार. कधी पाच."
"मग पाच लिही की."
"आणि दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात सहाव्या हातावर एखादी नर्स असली तर?"
तिनं बशी खाली ठेवली. म्हणाली, "ती तुझी बहीण न्हाय."
मग तीच रडायला लागली. मीही. त्या पहिलटकरणीचं घर दाखवू का म्हणाली. मी नको म्हटलं. माझ्यात तेवढा धीर नव्हता.

९ मार्च
कागद टाइप होऊन आलाय. स्वच्छ, तीन प्रती. हात म्हणजे काय, मोजणी कुठून, सकाळची खबर, सगळं आलं. फक्त 'जास्तीत जास्त ___ हात' इथं टायपिस्टनं जागा सोडलीय.
साहेब म्हणाले, "तुम्हीच भरा. मला खरंच ठरवता येत नाही." पुण्याचा माणूस इतकं सरळ बोलेल असं वाटलं नव्हतं.
आधी तीन लिहायला पेन उचललं, ठेवलं. मग पाच. बोर्डावरच्या गावांची नावं एकेक वाचत बसले. मग लक्षात आलं, ज्यांचं नाव बोर्डावर नाही त्यांच्यासाठीच तर हा आकडा आहे.
सही उद्या सकाळी. जागा अजून कोरी आहे.