बारवेतला पारा

बाबा,

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी परात घेऊन सभामंडपात बसलो. गावातली माणसं धान्याच्या कोठीतल्या जुन्या पाऱ्याच्या टिकड्या फडक्यात बांधून आणत होती, तुमच्या वेळी आणत तशाच. गव्हाला कीड लागू न देणारा पारा म्हणजे महादेवाचं तेज. तो उकिरड्यावर कसा टाकायचा, म्हणून तुम्ही त्याला भस्म लावून देवळामागच्या बारवेत सोडायचात. ते पाणी कोणी पीत नाही. कोणाला बाधेल असं तुमच्या मनात यायचं कारणच नव्हतं. या वेळी परात भरली, पण मी बारवेच्या पायऱ्या उतरलो नाही.

गाभाऱ्याच्या छताला लटकणारी वटवाघळं अजून आहेत. मी शाळेत असताना पाटील नाक दाबून म्हणाले होते, "काहून पाळले हे घाणेरडे? धूर करा, पळतीन." अजून डोळ्यांपुढे आहे: तुम्ही समई पुसताय, अंगठा तेलाने काळा झालाय. मान वर न करता म्हणता, "तुमी घंटा वाजवून घरी जाता, पाटील. हे तं इथं मुक्कामी हायेत. कोणाले काढू, सांगा." पाटीलही हसले.

गेल्या काही उन्हाळ्यांत या वटवाघळांची पिल्लं खाली पडू लागली. सकाळी झाडताना फरशीवर सापडतात, उघडी, मिटल्या डोळ्यांची. वाशीमच्या कॉलेजातली एक मुलगी वटवाघळांचा अभ्यास करते. तिने जाळीत धरून त्यांचे चिमूटभर केस कापून नेले आणि काही महिन्यांनी येऊन सांगितलं, "काका, यांच्या अंगात पारा आहे." बारवेच्या गाळातून तो अळ्यांत जातो, अळ्यांची डास-चिलटं होतात, आणि पाण्यावर घिरट्या घालत तीच खाणाऱ्या या जिवांत साठत राहतो. "पिल्लं त्यानेच पडतात असं मी ठामपणे नाही म्हणणार," ती म्हणाली, "पण पाऱ्याने नसा बिघडतात, आणि आईच्या दुधातून तो पिल्लालाही मिळतो." मला तेवढं पुरे होतं.

तुमची सून म्हणाली, "लोकं म्हणतीन, बापाची रीत पोरानं बुडवली."

"म्हणू दे," मी म्हणालो. देवाच्या आश्रयाला आलेल्याला आपल्या हाताने विष घालणं ही रीत नव्हे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्या सकाळी तुमच्या बरोबरीचे तात्याच आडवे आले. "मंग काय गटारात टाकतं महादेवाले?"

"नाही, तात्या. काचेच्या बरणीत बंद करतो. घातक कचरा जमा करतात तिथं द्यायचं त्या पोरीनं ठरवलं हाये. अन् पुढच्या साली टिकडी आणूच नका. गहू कडक उन्हात वाळवा, कडुलिंबाचा पाला घाला."

"तुह्या बापानं केलं असतं असं?"

"केलं असतं."

तात्या पुटपुटले, "तो बी असाच हेकट होता," आणि आपली पुरचुंडी स्वतःच बरणीत सोडली. त्यांच्यामागून बाकीच्यांनीही परातीतल्या आपापल्या पुरचुंड्या बरणीत सोडल्या.

आधीचा पारा गाळात आहेच. तो ढवळू नका, असं त्या मुलीने बजावलं आहे. त्याचं काय करायचं ते जाणत्यांना विचारून करू. नवी भर मात्र थांबली.

हा कागद पोथीतच राहील. तुम्ही काय केलं असतं हे मला खरं तर माहीत नाही, बाबा; तरी तुमच्या नावाने मी हो म्हणून बसलो. काल त्या मुलीबरोबर जाऊन बरणी वाशीमला पोचवून आलो.