शिरूर फाट्याचा किस्सा

११ जानेवारी, नांदेड
उद्या टायरचं दुकान बंद. लातूरला माधुरीच्या सिनेमाचा पहिला खेळ. पोरीनं स्वतः लिहिला, स्वतः काढला. एक कुटुंब जीपमधून उदगीरहून नांदेडला भांडत येतं, एवढीच गोष्ट. "अप्पा, लोक पोट धरून हसतील." हसतीलच. माल माझा हाय. वीस वर्षं लग्नाकार्यात सांगतोय: उदगीरच्या सासुरवाडीहून येताना शिरूर फाट्यावर चहाला थांबलो. सौ. मागं झोपली समजून जीप हाणली, अहमदपूरपर्यंत पत्ता न्हाई! सौ.सुद्धा तोंडाला पदर लावून हसते.
आज ती इरकल काढून, घडी मोडून बघून राहिली.

१२ जाने., लातूर
थेटर गच्च. भांडणं अस्सल. खिडकीवरून, धपाट्यांवरून, सासऱ्यानं केलेल्या अपमानावरून. बापाचं काम करणारा जाडा माझंच बोलतो, "हाव, तूच लई शहाणी!" सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.
मग फाटा आला. बाप जीप सुरू करतो. आरशात बघतो. बायको दोन्ही हातांत चहा घेऊन येतीय. नीट बघतो. आणि गिअर टाकतो.
थेटर फुटलं हसून. मला टायरमधून सुटणारी बारीक हवाही ऐकू येते. शेजारच्या खुर्चीतून सौ.चा श्वाससुद्धा ऐकू आला न्हाई.
बाहेर माधुरीला गाठलं. "आरशाचं कुठून आणलंस?"
"पुढच्या सीटवर मीच होते अप्पा. नऊ वर्षांची होते, आंधळी नव्हते."
"मनचं घातलं म्हणून सांग आईला."
"तुम्हीच सांगा."
तिच्याच घरी जेवण. सौ. एवढंच बोलली, "वाढ ह्यांना."

१३ जाने., सकाळी
माधुरीला म्हणालो, आरसा तेवढा काप. आता नांदेडला लागंल, सगळे पाव्हणे बघतील. "अप्पा, तेवढंच खरं आहे. बाकी विनोद." निमकहराम कार्टी! पंक्चर काढून काढून शिकवली हिला.
बघितलं होतं मी. वीस वर्षांत इथंही लिहिलं न्हाई. सासरा चारचौघांत "आमचे पंक्चरवाले जावई" म्हणाला आणि सौ. हसली. तो राग. आरशात दिसली तेव्हा वाटलं, राहू दे उभी. अहमदपूरला उतरला राग, तेव्हा वळवली.

त्याच दिवशी, शिरूर फाटा
चाकूरपर्यंत सौ. खिडकीबाहेर बघत बसली. मी म्हणालो, "पोरगी लई बनवून सांगते." तेव्हा तोंड उघडलं.
"पळाले होते मी जीपमागं. चहा सांडला, हात भाजला. तुमाला वाईट वाटंल म्हणून कुकरनं भाजलं सांगितलं."
तेवढ्यात फाटा आला.
"थांबवा हितं. चहा आणते."
पर्स घेऊन उतरली. पर्स कशाला, सुट्टे माझ्याकडं होते.
गाडीतच लिहून राहिलो. इंजिन बंद केलंय. आरसा टपरीकडं वळवलाय. उभी आहे. हातात कप एकच दिसतोय.
उदगीरला जाणारी एसटी मधेच येऊन थांबली. आरशात नुसता लाल पत्रा.
कंडक्टरची घंटी. दोनदा.