सहलीला तवा कोण नेतं

सर,

आज तुमच्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये हे मला कळतं, पण जिवंत माणसांवर चिडून झालंय. नवरा गच्चीत जाऊन बसलाय, मुलीनं कानात हेडफोन घातलेत, आणि आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. भर दुपारी, उन्हं डोक्यावर असताना, घरात कोणी कोणाशी बोलत नाही. राहिलात तुम्ही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, तुम्ही काही उलट बोलणार नाही, म्हणून तुमच्याकडे आले.

कारण काश्मीर. हो, तेच, तुमच्या कॅलेंडरावरचं. परवा सकाळी नगर स्टेशनावरून निघायचंय, चार तिकिटं काढून झालीत. तिकिटावर आता अहिल्यानगर असं छापून येतं, आई अजून नगरच म्हणते. आणि आत्ता तासाभरापूर्वी आईनं जाहीर केलं की ती येणार नाही. ज्या बाईसाठी हा सगळा घाट घातला, तीच येत नाही म्हणते. सांगा, आता मी काय करू?

दसऱ्यापासून आमचं ठरवणं चालू होतं. “आधी ऋतू ठरवा, मग गाडी,” असं तुम्ही सांगायचात, आणि मी मूर्खासारखी तिथूनच सुरुवात केली. ह्यांना बर्फ पाहिजे. उभा जन्म पोस्टात टपालावर शिक्के मारण्यात गेला, एकदा तरी बर्फात उभं राहून फोटो काढायचाय म्हणाले. मुलीला चिनारची लाल पानं हवीत, म्हणजे ऑक्टोबर उलटल्यावर, आणि नेमकी तेव्हाच तिच्या कॉलेजची परीक्षा. माझ्या शाळेला मोठी सुट्टी मे महिन्यात. तर हे म्हणतात, “मे महिन्यात डल लेकवर आपल्या नगरची सगळी सावेडीच भेटेल, त्यापेक्षा इथेच कोपऱ्यावर आइस्क्रीम खाऊ.” चार ऋतू आणि घरातली तीन माणसं, प्रत्येकाचा वेगळा. एक तळं बघायला जायचं तर सहा महिने नुसता वाद. तुम्ही वर्गात हे किती सोपं करून सांगितलं होतंत.

तो वर्ग मला अजून दिसतो. शेवगावची शाळा, वर पत्रे, आणि तुमच्या खुर्चीमागे खताच्या दुकानातून आणलेलं जुनं कॅलेंडर. तारखांचा भाग तुम्ही कापून टाकला होता, नुसतं चित्र ठेवलं होतं. एकच तळं, चार चौकटींत चार वेळा. एकीत फुलं, एकीत कमळं, एकीत पिवळीलाल झाडं, एकीत सगळं पांढरं. “आपल्याकडे नुसतं ऊन कमी आणि ऊन जास्त,” तुम्ही म्हणायचात, “तिथे खिडकी उघडली की ऋतू कळतो.” मग प्रत्येकानं सहलीची वही करायची. कोणती गाडी, कोणते कपडे, किती मुक्काम, बरोबर न्यायच्या सामानाची यादी. बाकांच्या रांगेप्रमाणे तुम्ही ऋतू वाटून दिलेत. माझ्या रांगेला हिवाळा आला. कुणीतरी म्हणालं, सर, आपण कुठं जाणार काश्मीरला? तर तुम्ही खडू ठेवून म्हणालात, “शेवगाव ते नगर एसटी. नगरहून थेट जम्मूची रेल्वे. सांगा, अडचण कुठे आहे?” कोणालाच अडचण सांगता आली नाही.

मी सातवीत होते. वही मी जीव लावून केली, कारण मला वाटलं, या वर्गात लांबच्या मुक्कामाला जाणं मला जेवढं कळतं तेवढं कोणाला कळत नाही. दर दिवाळीनंतर आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जायचो. काय न्यावं लागतं, काय विसरलं तर पाच महिने हाल होतात, हे मला पाठ होतं. मी लिहिलं: बाजरी दोन पोती, तवा, पाटा-वरवंटा, हंडा, कंदील, गोधड्या चार, ताडपत्री, कोंबड्या टोपलीखाली. मुक्काम पाच महिने.

ती यादी तुम्ही मोठ्यानं वाचलीत, सर. कोंबड्यांपाशी तुम्हाला हसू आवरलं नाही. मग सगळा वर्ग हसला. आमच्याच वस्तीवरची, दर वर्षी आमच्याच ट्रॉलीत बसणारी पोरंसुद्धा हसली. तुम्ही डोळे पुसत म्हणालात, “अगं, सहलीला तवा कोण नेतं? सहल आहे ही, बिऱ्हाड नाही.” आणि लाल पेनानं वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढलीत. मी खाली बसले आणि घरी जाईपर्यंत मान वर केली नाही.

तुम्ही वाईट नव्हतात, हाच तर माझा त्रास आहे. वाईट असतात तर केव्हाच विसरले असते. त्याच वर्षी माघात तुम्ही एसटीनं श्रीगोंद्याला आलात आणि उसाच्या फडाफडातून विचारत आमच्या कोपीपर्यंत, त्या पाचटाच्या झोपडीपर्यंत पोचलात, मला परीक्षेसाठी परत न्यायला. पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल. बाबा हात जोडून नुसते उभे. आईनं हातातली मोळी टाकली, उसाचं वाळलं पाचट पेटवलं आणि तुम्हाला भाकरी करून घातली. त्याच तव्यावर. तुम्ही दोन खाल्ल्यात, वर आणखी अर्धी मागून घेतलीत. तव्याबद्दल तेव्हा काही बोलला नाहीत. मी समोर बसून वाट बघत होते, आता तरी काही म्हणाल. तुम्ही म्हणालात, “चटणी फार छान झालीय.” परीक्षा होईपर्यंत मग मला तुमच्याच घरी ठेवून घेतलंत, तुमच्या बायकोनं माझ्या केसांतल्या उवा काढल्या, गरम पाण्यानं आंघोळ घातली. आता या माणसांवर रागवायचं तरी कसं?

पुढे मी डी.एड.ला नगरला निघाले तेव्हा तुम्ही मला रेक्झिनची निळी पिशवी दिलीत, चेन असलेली. म्हणालात, “यात मावेल तेवढंच न्यायचं. बाकी सगळं जिथल्या तिथे मिळतं.” मी ती बरीच वर्षं वापरली, मग आईला दिली. चेन अजून धड आहे.

तर ऋतूचं. शेवटी मी ह्यांच्या बाजूनं मत दिलं, बर्फच बघू. खरं कारण सांगितलं नाही, पण माझ्या रांगेला हिवाळाच आला होता ना. गावी जाऊन आईला सांगितलं, जानेवारीत जायचंय, तिकडे खूप थंडी असते, तुला नवी शाल घेऊ. आई शेंगा निवडत होती. हात थांबवून म्हणाली, “थंडी? थंडी म्या लई पाहिली. पहाटं ऊस वल्ला असायचा, बोटं वळायची न्हाईत. तू पाचटात निजायचीस, तुला ठावं न्हाई. आन आता तू मला थंडी दावायला नेतीस व्हय?” मला एवढं लाजल्यासारखं झालं की मी तिच्यावरच ओरडले, आधी सांगायचं ना म्हणून. आधी म्हणजे कधी, ते मलाही माहीत नाही.

म्हणून वसंत ठरला. मी रजा टाकायची, पाडवा झाला की निघायचं, बदामाची फुलं, बागा वगैरे. तर आईचं दुसरं सुरू. “पाडव्याला मानूस घरी येतंय, तुमी भाईर निघता.” ऊसतोड सुटून तिला बारा वर्षं झाली, बाबा जाऊन नऊ, पण तिचं वर्ष अजून तसंच चालतं, दिवाळीला तोडीला निघायचं, पाडव्याला परतायचं. मग विचारते, “तिकडं ऊस हाय का?” नाही. “मंग काय करायचं तिथं?” बघायचं. “काय?” पाणी, आई, मोठं तळं आहे. तर म्हणे, “पानी बघाया येवढं लांब? आपलं जायकवाडी काय कमी हाय?” आमच्या ह्यांना ते इतकं आवडलं की आठ दिवस येईल त्याला तेच सांगत होते. मला हसू आलं नाही. या बाईनं आयुष्यात गाव सोडलं ते फक्त राबायला. एकदा, फक्त एकदा तिनं कुठेतरी जाऊन हातावर हात ठेवून बसावं, एवढंच मला हवंय. ते तिला समजावून सांगताना माझ्या तोंडाला फेस आला.

आज सकाळी तिच्या पुतण्यानं तिला इथे आणून सोडलं. तुमची निळी पिशवी काखेत. मी कौतुकानं चेन उघडली, तर वर बाजरीचं पीठ, चार-पाच किलो सहज. त्याखाली मिठाची पुडी, काडेपेटी, चटणीचा डबा. त्याखाली फडक्यात गुंडाळलेला तवा. आणि सगळ्यात तळाशी एक, एकच लुगडं. मी सहा महिने ज्यासाठी डोकं फोडून घेतलं त्याचं हे असं झालेलं पाहून माझा तोल गेला. मुलगी, नवरा, सगळ्यांसमोर मी ओरडले, “आई, अगं सहलीला तवा कोण नेतं?”

मुलगी खुदकन हसली. आई हसली नाही, रागावलीही नाही. तिनं एकेक वस्तू बाहेर काढून फरशीवर ओळीनं मांडली, पिशवीची चेन लावली आणि म्हणाली, “मला न्हाई जमायचं, बाई. तुमी जावा.” आणि आत गेली.

माझ्या तोंडून बाहेर पडलेलं वाक्य तुमचं होतं, सर. जसंच्या तसं. मला तुमचा राग आलाय तो याचा. इतकी वर्षं मी समजत होते, तुमच्याकडून नकाशा शिकले, ऋतू शिकले, मुलांना जवळ घ्यायला शिकले. ही रेघ ओढणंही शिकले, हे आज कळलं. आणि आता लपवत नाही, मीसुद्धा माझ्या वर्गाकडून दर वर्षी सहलीची वही करून घेते, आणि यादी लिहायची वेळ आली की गंमत म्हणून सांगते, “एका मुलीनं काश्मीरच्या यादीत तवा आणि कोंबड्या लिहिल्या होत्या.” मुलं पोट धरून हसतात. ती मुलगी कोण, ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही. वर्गात दोन-तीन पोरं अशी असतात जी हसत नाहीत. त्यांच्याकडे मी बघायचं टाळते.

इथपर्यंत लिहून मी उठले आणि आत गेले. आईच्या पायाशी बसले. विचारलं, “भाकरी कुठं करणार होतीस तिथं?”

“तळ्याच्या कडंला. तीन धोंडं कुठंबी मिळत्यात.”

“हॉटेलात मिळतं गं आई सगळं. कुणासाठी करणार होतीस?”

ती वळली. माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढं शिकून मला एवढं कसं कळत नाही. “तुज्यासाठी,” म्हणाली. “परक्या मुलखात पयल्या दिशी तुला घरची भाकर लागायची. न्हाई मिळाली की रातभर रडायचीस. ट्रॉलीतून उतरलं की म्या आधी तवा काढायची, मंग कोपी बांधायची.”

मला हे अजिबात आठवत नव्हतं. यादीत बाजरीच्या खालोखाल मी तवा का लिहिला होता, ते मला आज, पन्नाशीत, कळलं.

ती येणार का, ते अजून बोललेली नाही. पण मघाशी ती उठून आली आणि फरशीवरचं पीठ तिनं मोठ्या पिशवीतून लहान पिशवीत काढलं, पाचाचं दोन किलो केलं. तवा मी पुन्हा निळ्या पिशवीत ठेवला, आणि तिच्यात घालायला काढलेला माझा एक स्वेटर बाहेरच राहू दिला. मावेल तेवढंच न्यायचं, तुम्हीच म्हणाला होतात.

हे पत्र कुठे टाकणार? घरात पोस्टातला माणूस आहे, तरी त्याच्या हातात हे देता येत नाही. तव्याच्या फडक्यात घडी करून ठेवीन म्हणते.

एक राहिलंच. तुम्हाला शेवटचं भेटले तेव्हा तुम्ही अंथरुणावर होतात. माझा हात धरून विचारलंत, “गेलीस का गं काश्मीरला?” मी हो म्हणाले. हिवाळ्यात गेले, म्हणाले, आणि तुम्हीच शिकवलेलं सगळं तुम्हालाच सांगितलं, गोठलेला काठ, पांढरी झाडं. तुमच्या बायकोनं मला दारात निरोप देताना सांगितलं की तुम्ही स्वतः मनमाडच्या पुढे कधी गेला नाहीत. मी सांगत होते तोवर तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मग एकच विचारलंत, “एवढ्या बर्फात चूल कशी पेटवतात गं ते लोक?” मी काहीतरी ठोकून दिलं आणि तुम्ही समाधानानं मान हलवलीत.

मी गेले नव्हते, सर. चूल कशी पेटवतात, मला अजून माहीत नाही.